केरोबाचा चष्मा आणि नाल्याचा वाघ

एका जंगलात एक वानर राहत होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. नाव सांगितलं की तिथली मंडळी येतात आणि म्हणतात, आमच्याकडे असलं काही होत नाही. मग मला माफी मागावी लागते. तेव्हा मुलांनो, मी एका जंगलात म्हटलं की मुकाट्यानं एका जंगलात समजायचं.

तर या वानराचं नाव केरोबा. तो कुरणाच्या कडेला एका उंबरावर बसायचा. बसणं हीच त्याची नोकरी होती. हसू नका, तुमच्या घरच्या ओळखीतही असे पुष्कळ निघतील. पण केरोबा नुसता बसत नसे, बसून टेहळणी करत असे. उंबराच्या मागे नाला होता. नाल्यात स्वच्छ पाण्याचा डोह होता. आणि डोहाच्या काठी वाघ होता.

हा वाघ रोज भर दुपारी यायचा. सूर्य डोक्यावर आला, बांबूच्या सावल्या पडल्या, की केरोबाला त्याचं पिवळं अंग दिसायचं. अंगावरचे काळे पट्टे दिसायचे. मग केरोबा छाती भरून ओरडायचा, "खॉक्! खॉक्! खॉक्!"

समोर कुरणात चितळांचा कळप चरत असायचा. चितळांचा नियम सोपा होता. हाक ज्या झाडावरून येईल त्या झाडाला पाठ करायची आणि सरळ पळत सुटायचं. मान वळवून बघायचं नाही. बघणं हे वानराचं काम, पळणं हे चितळांचं. एकानं दुसऱ्याच्या कामात लुडबुड करायची नाही. अशी शिस्त असली म्हणजे कळप कसा चालतो? फार छान चालतो.

उंबराला पाठ करून सरळ पळालं की अर्ध्या कोसावर चिखलतळं लागायचं. पाणी गढूळ, वर शेवाळ. पण पळून पळून घशाला कोरड पडलेली असायची, म्हणून कळप तिथंच पाणी प्यायचा आणि उन्हं उतरली की परत यायचा. दर आठ-दहा दिवसांनी परत येताना एक चितळ कमी भरायचं. त्याला कळपात 'पळण्यातली घट' असं म्हणत.

"एवढं लांब येऊनसुद्धा एखादं जातंच," रावसाहेब म्हणायचे. "डोहावर गेलो असतो तर काय झालं असतं, विचार करा."

सगळे विचार करायचे. सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा. मग सगळे पुन्हा चरायला लागायचे.

रावसाहेब म्हणजे कळपाचे पुढारी. तरुणपणी एकदा हाक आली तेव्हा घाईत त्यांची दिशा चुकली. ते उलटे पळाले आणि नाल्याकाठच्या वेलीत त्यांची शिंगं अडकली. ऐन दुपारी, वाघापासून चार पावलांवर. तासभर ते तसेच अडकून होते आणि वाघानं त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. "मी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभा होतो," असं ते सांगत. खरं तर त्यांनी डोळे गच्च मिटले होते. पण ते बघायला दुसरं कोण थांबलं होतं? त्या दिवसापासून सगळे त्यांना रावसाहेब म्हणू लागले, आणि तो दिवस दरसाल शौर्यदिन म्हणून साजरा होऊ लागला.

यंदाच्या शौर्यदिनाला रावसाहेबांनी मोफत नेत्रतपासणी शिबिर ठेवलं. मोठा फलक लागला. फलकावर रावसाहेबांचा फोटो इतका मोठा होता की डॉक्टरांचं नाव मागच्या बाजूला लिहावं लागलं. डॉक्टर होत्या घारेबाई. शेजारच्या जंगलातून मुद्दाम बोलावल्या होत्या. घारच ती. आकाशातून खाली बघून उंदराच्या मिशा मोजणारी.

तपासणीचा तक्ता झाडाला टांगला. अक्षरं तिथं कुणाला येत होती? म्हणून तक्त्यावर पावलं काढली होती. सगळ्यात वर हत्तीचं पाऊल. त्याखाली गव्याचा खूर, मग रानडुकराचा, मग सशाचं पाऊल, आणि तळाशी मुंगीचं. एकोणपन्नास चितळांनी मुंगीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. डोळे अगदी नवेकोरे. वापर कमी असला की वस्तू टिकते.

रावसाहेब हिरमुसले. शिबिर म्हटलं की चष्मेवाटप आलं, चष्मेवाटप म्हटलं की फोटो आला. एकाला तरी चष्मा लागायला नको का? शेवटी कुणीतरी म्हणालं, केरोबाला बोलवा.

"वरची ओळ वाचा," घारेबाई म्हणाल्या.

"ढग," केरोबा म्हणाला.

"त्याखालची?"

"तोही ढगच. जरा लहान."

"आणि तळाला मुंगी आहे, ती?"

"कुठली मुंगी?"

घारेबाईंनी विचारलं, "या कळपाची टेहळणी कोण करतं?"

"मीच की!" केरोबा ताठ बसून म्हणाला. "चौदा वर्षं झाली. एका दिवसाचा खाडा नाही."

घारेबाई यावर काही बोलल्या नाहीत. पाहुण्या होत्या, जेवण व्हायचं होतं. त्यांनी नंबर काढला आणि चष्मा दिला. काचा चांगल्या जाड होत्या, दांड्या वेलीच्या होत्या. रावसाहेबांनी स्वतःच्या खुरानं तो केरोबाच्या नाकावर चढवला. शाल, नारळ, टाळ्या, फोटो, सगळं यथासांग झालं.

जाताना घारेबाई केरोबाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिले पंधरा दिवस त्रास होईल. जमीन वर आल्यासारखी वाटेल. डोकं दुखेल. पण काढून ठेवू नका. सवय होईल."

"कशाची सवय?"

"दिसण्याची," घारेबाई म्हणाल्या आणि उडून गेल्या.

त्रास झाला. चौदा वर्षं केरोबा या फांदीवरून त्या फांदीवर अंदाजानं उड्या मारत आला होता आणि कधी पडला नव्हता. आता फांदी स्वच्छ दिसत होती. दिसत होती तिथं ती नव्हती, एवढंच. त्यानं हात घातला, हात हवेत मिटला, आणि केरोबा थेट करवंदीच्या जाळीत. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी पाचदा. मग त्यानं एक युक्ती काढली. उडी मारायची तेव्हा चष्म्याच्या आत डोळे मिटून घ्यायचे.

नाकावर दोन लाल खड्डे पडले. कानांमागे सोलवटलं. श्वास जोरात सोडला की काचेवर वाफ धरायची. पानानं पुसलं तर चीक लागायचा, म्हणून तो शेपटीच्या गोंड्यानं पुसायला लागला. आणि एकदा त्यानं खाण्यासाठी उंबर फोडलं, तर आत किडे वळवळत होते. चौदा वर्षं हेच खाल्लं, या विचारानं त्यानं ते लांब फेकून दिलं. दोन दिवस तो उपाशी राहिला. तिसऱ्या दिवसापासून जेवताना तेवढा चष्मा काढून ठेवू लागला.

उंबराखाली रोज सकाळी ठकूमावशी यायची. ही कळपातली म्हातारी चितळीण. केरोबा वरून कोवळा पाला आणि उंबरं टाकायचा, ती खाली उभी राहून खायची, आणि दोघं गप्पा मारायची. त्या दिवशी केरोबानं चष्म्यातून खाली पाहिलं आणि तो ओरडलाच.

"मावशी! तुमच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत!"

"अरे, चितळ मी. जन्मापासून आहेत."

"मला वाटायचं, तुम्ही साध्या तपकिरी."

"घ्या! चौदा वर्षं गप्पा मारतोयस माझ्याशी."

केरोबा ते ठिपके बघतच राहिला. मानेवर बारीक, पाठीवर टपोरे, पोटाकडे ओळीनं गेलेले. इतकं चांगलं काहीतरी रोज आपल्या झाडाखाली येत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता. त्याला फार आनंद झाला. मग त्याची नजर जरा खाली गेली आणि आनंद जागीच थांबला. ठिपक्यांखाली बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या. मागचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता.

"मावशी, पायाला काय झालं?"

"थंडीत मुरगळला, तो बसलाच नाही नीट. पळणं होत नाही रे आता. एक दिवसाआड जाते पाण्याला. सगळ्यात मागून."

"मला बोलला नाहीत कधी."

"तू टेहळणीवर. तुला दिसत असेलच, असं वाटायचं."

केरोबाला फार लाज वाटली. वैशाख अजून पुढे होता. एक दिवसाआडचं दोन दिवसांआड व्हायला कितीसा वेळ लागणार होता?

पाचव्या दिवशी, भर दुपारी, केरोबानं हाकेसाठी छाती भरली आणि डोहाकडे पाहिलं.

डोहाच्या काठी वारूळ होतं.

पिवळ्या मातीचं, पुरुषभर उंच. त्यावर बांबूच्या सावल्यांचे पट्टे पडले होते. वाळलेल्या गवताचे दोन झुबके वर उभे होते आणि वाऱ्यानं कानांसारखे हलत होते. एका कानावर साळुंकी बसून पंख साफ करत होती.

केरोबानं चष्मा काढला. वाघ. चष्मा लावला. वारूळ. काढला, वाघ. लावला, वारूळ. मुलांनो, असं सतरा वेळा झालं. मग तो झाडावरून उतरला, डोळे मिटून चालत गेला आणि पुढे हात केला. हाताला माती लागली. ऊन ऊन, भुसभुशीत माती. साळुंकी वैतागून उडून गेली.

चौदा वर्षं. एका दिवसाचा खाडा नाही.

तो परत उंबरावर चढला. अगदी शेंड्यावर गेला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा लांब पाहिलं. कुरणाच्या पलीकडे, अर्ध्या कोसावर, चिखलतळं दिसत होतं. तळ्याच्या काठी गवतात वाघ बसला होता.

हा वाघ वारुळाइतका पिवळाही नव्हता. पण साळुंकी याच्या कानावर बसलेली नव्हती. त्याचं तोंड कुरणाकडून येणाऱ्या वाटेकडे होतं. तो मधूनच वर सूर्याकडे बघायचा आणि मधूनच मान तिरकी करून कान टवकारायचा. शाळेची मधली सुट्टी जवळ आली की तुम्ही घंटेकडे बघता ना, तसा. तो हाकेची वाट बघत होता. केरोबाच्या हाकेची.

केरोबाला सगळं एकदमच कळलं. कुणी पळवलं, कुठे पळवलं, आणि पळण्यातली घट कुठे गेली. त्याला रडू कोसळलं. काचांवर वाफ धरली आणि वाघ दिसेनासा झाला. केरोबानं शेपटीनं काचा पुसल्या. वाघ तिथंच होता.

त्या दुपारी केरोबानं हाक दिली नाही. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

कळप कान टवकारून उभा होता. दुपार कलली तरी हाक नाही. पळायचं की चरायचं, कुणाला समजेना. न पळता पाण्यावर कसं जायचं, हेही कुणाला माहीत नव्हतं. तशीच तहानलेली चितळं उन्हं उतरेपर्यंत उभी राहिली. मग रावसाहेबांनी बैठक बोलावली.

"केरोबा, आज हाक का नाही?"

"वाघ नव्हता, रावसाहेब."

"वाघ नव्हता, की तुम्हाला दिसला नाही?"

"नव्हताच. कधीच नव्हता. ते वारूळ आहे. मी हात लावून आलो. खरा वाघ चिखलतळ्यावर बसतो आणि माझ्या हाकेनं तुम्ही त्याच्याकडे जाता. चूक माझी आहे. चौदा वर्षांची आहे. पण उद्यापासून डोहावर पाणी प्या. पन्नास पावलं आहे. मावशीलासुद्धा जमेल."

तुम्हाला वाटेल, चितळांनी आनंदानं उड्या मारल्या. तुम्ही अजून बैठकीला गेला नाहीत, म्हणून असं वाटतं.

"म्हणजे मी तासभर कुणाच्या डोळ्यांत डोळे घालून उभा होतो?" रावसाहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"वारुळाच्या."

"वारुळाला डोळे असतात?"

"नसतात."

"मग?" रावसाहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"अहो, तुमचे डोळे चांगले आहेत," केरोबा काकुळतीला येऊन म्हणाला. "डॉक्टरबाईंनी सांगितलंय. सगळ्यांना मुंगी दिसली. एकदा मान वळवून बघा की!"

"आम्ही बघायचं?" एक चितळ दुखावून म्हणालं. "मग पळायचं कुणी?"

बराच खल झाला. शेवटी ठरलं की आरोप गंभीर आहे, तेव्हा समिती नेमावी आणि समितीनं रीतसर पाहणी करावी. पाहणी कशानं करायची? बघायचं अधिकृत साधन जंगलात एकच होतं. केरोबाचा चष्मा. तिघींची समिती झाली आणि तिसरी होती ठकूमावशी. ती केरोबाच्या बाजूची होती, म्हणून तिलाही घेतलं. समिती निःपक्षपाती असावी लागते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी उंबराखाली आल्या. येताना डोळे मिटून, एकमेकींच्या शेपटीला धरून आल्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी भर दुपारी नाल्याकडे तोंड केलं. पहिलीच्या नाकावर चष्मा चढवला. तिनं डोळे उघडले आणि "आई गं!" म्हणून मागच्या मागे बसली. दुसरीनं चष्मा लावला. ती उभीच थरथरायला लागली. मग ठकूमावशीची पाळी आली.

चांगल्या डोळ्यांवर जाड काचा चढल्या की काय होतं, ते तुम्ही आजोबांचा चष्मा लावून पाहिलेलं असेलच. आजोबांना सांगू नका.

"केरोबा," मावशी म्हणाली. "दोन आहेत रे. आणि दोघंही हलताहेत."

"मावशी, चष्मा काढा. काढा आणि बघा."

"काढला तर दिसेल कसं?"

"दिसेल हो! माझ्यासाठी काढा. एकदा."

मावशीनं चष्मा काढला. पण काढण्याआधी डोळे गच्च मिटून घेतले. सवय फार जुनी होती, आणि ती भ्याली होती. तिला मी नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

अहवाल एकमतानं आला. वाघ एक नसून दोन आहेत. केरोबानं दुसरा वाघ चौदा वर्षं कळपापासून लपवून ठेवला. चष्म्यात काही दोष नाही, चष्मा उत्तम आहे. वानराचे डोळे फितूर आहेत.

"असं नाजूक साधन जबाबदार नाकावर असलेलं बरं," रावसाहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा स्वतः लावला. त्यांना लगेच भोवळ आली, पण पुढाऱ्याला भोवळ आली की तो विचारमग्न दिसतो. मग ते केरोबाकडे वळले. म्हणजे त्यांना वाटलं की केरोबाकडे वळले. तिथं एक खोड होतं. "ऐक रे माकडा," ते खोडाला म्हणाले, "उद्यापासून रोज भर दुपारी हाक आलीच पाहिजे. हा ठराव आहे. नाही आली, तर टेहळणीला दुसरा वानर बघू. वानरांना काय तोटा आहे?"

वानरांना तोटा नव्हता, हे केरोबाला माहीत होतं. दुसरा वानर येईल. याच उंबरावर बसेल. वारुळाला बघून ओरडेल किंवा न बघताच ओरडेल. कळप उंबराला पाठ करून सरळ चिखलतळ्यावर जाईल. सगळ्यात मागे मावशी लंगडत जाईल. परत येताना ती नसेल आणि तिला पळण्यातली घट म्हणतील.

त्यानं ठराव मनातल्या मनात घोळवला. हाक. रोज. भर दुपारी. कुठल्या झाडावरून, ते ठरावात नव्हतं.

सकाळी तो उंबरावरून निघाला. या झाडावरून त्या झाडावर करत कुरणाला वळसा घालून अर्धा कोस गेला. चष्मा नव्हता, त्यामुळे एकदाही पडला नाही. चिखलतळ्याच्या काठी एक बेहड्याचं झाड होतं. त्याच्या उंच फांदीवर बसून त्यानं खाली पाहिलं. सगळं धूसर होतं. धूसरात एक पिवळट डाग होता. वाघ असेल, नाहीतर वाळलेलं गवत असेल. सांगता येत नव्हतं.

"कोण? उंबरावरचे केरोबा का?" डागानं विचारलं.

"हो," केरोबा म्हणाला. फांदी त्यानं घट्ट धरली होती.

"इकडे कसे?"

"बदली करून घेतली."

"चष्मा लागला म्हणे तुम्हाला?"

"लागला होता. रावसाहेबांनी घेतला."

"त्यांच्याकडेच बरा," वाघ म्हणाला. मग त्यानं वर सूर्याकडे पाहिलं. "वेळ झाली. हाक देताय ना आज? परवापासून उपाशी आहे."

"देतो," केरोबा म्हणाला. कळप नियमानं वागेल का? की दोन वाघांच्या भीतीनं आज नियम मोडेल? चौदा वर्षांत कुणी मान वळवू नये, अशी त्यानं कधी इच्छा केली नव्हती. आज केली. आणि छाती भरून ओरडला, "खॉक्! खॉक्! खॉक्!"

या हाकेत एक नवी गोष्ट होती. ती खरी होती.

कुरणात कान उभे राहिले. हाक उलट्या दिशेनं येत होती. पण नियम तो नियम. एकोणपन्नास चितळांनी बेहड्याला पाठ केली आणि सरळ सुटली. वाघाला खुरांचा आवाज आला. आवाज लहान लहान होत गेला.

"उलटी चाललीत ही," वाघ म्हणाला.

"नियमानं चाललीत," केरोबा म्हणाला.

इकडे सगळ्यांच्या पुढे रावसाहेब होते. चष्मा लावून पळत होते, त्यामुळे त्यांना दर पावलाला जमीन वर आल्यासारखी वाटत होती आणि ते उंच उंच उड्या मारत होते. उंबर मागे पडला, नाला आला. नाला कुठे संपतो आणि डोह कुठे सुरू होतो, ते काही त्यांना दिसलं नाही. ते धप्पकन डोहात पडले. मागून सगळा कळप पाण्यात उतरला आणि मग कळपाला कळलं, आपण कुठे आलो.

कुणी हलेना. कुणी ओरडेना. सगळ्यांनी डोळे मिटले. सगळ्यात शेवटी ठकूमावशी लंगडत आली आणि काठावर उभी राहिली.

रावसाहेबांनी पाण्यातून डोकं वर काढलं. त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं आणि चष्मा नाकावर तसाच होता. ओल्या काचांतून त्यांना समोर दोन पिवळे वाघ दिसले. दोघंही लटपटत होते.

पुढारी उगाच होत नाही कुणी.

"घाबरू नका!" रावसाहेब गरजले. "बघा, मला पाहून दोघंही कसे कापताहेत! मी आहे तोवर बिनधास्त पाणी प्या!"

कुणी बघितलं नाही. पण पाणी सगळे प्याले. असं थंड, गोड पाणी त्यांच्या घशाला कधी लागलं नव्हतं. पिऊन झाल्यावर त्यांनी रावसाहेबांचा जयजयकार केला.

तेव्हापासून रोज भर दुपारी लांबून हाक यायची आणि कळप डोहावर पळायचा. रावसाहेब चष्मा लावून वारुळासमोर उभे राहायचे. पळण्यातली घट बंद झाली. पंधरा दिवसांनी सत्कार झाला, रावसाहेबांचा. 'चष्मा आला आणि घट थांबली,' असं मानपत्रात लिहिलं होतं. ते खोटं होतं, असं मला म्हणता येत नाही. त्याच सभेत केरोबाचं नाव पटावरून कमी केलं. नेमून दिलेलं झाड विनापरवानगी सोडल्याबद्दल.

केरोबा बेहड्यावरच राहिला. तिथं उंबरं नव्हती. पाला कडवट होता. पडण्याचा त्रास संपला होता, नाकावरचे खड्डे भरून आले होते. मावशी तेवढी आठवायची. ती ठिपक्यांसकट आठवायची आणि त्याला वाईट वाटायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस बेहड्याखाली कुणीतरी येऊन उभं राहिलं. केरोबाला वरून एक साधा तपकिरी डाग दिसला.

"मावशी?"

"ओळखलंस बाई," ठकूमावशी म्हणाली. तिचा पाय बरा झाला होता. अंग भरलं होतं. अर्धा कोस एकटी चालत आली होती. "केरोबा, मी काल वळून पाहिलं."

"मग?"

"पाणी पिऊन झालं होतं, पोट भरलं होतं, भीती जरा कमी होती. म्हटलं, मरायचं तर बघून मरू. तर ते वारूळ आहे रे!"

"माहीत आहे, मावशी."

"मी पाठ घासून आले त्याला. फार बरं वाटलं." मग ती झाडाच्या अगदी जवळ आली. "त्या दिवशी तू म्हणालास, माझ्यासाठी एकदा काढा. आणि मी डोळे मिटले. दोन आहेत म्हणाले. मी म्हणाले, केरोबा. दुसरं कुणी नाही."

"असू दे."

"असू दे कसं? मी सांगते ना आता सगळ्यांना!"

"नको," केरोबा घाईनं म्हणाला. "पुन्हा बैठक घेतील. समिती नेमतील. समितीचं होईपर्यंत पाणी बंद. पिताहेत तोवर पिऊ द्या, मावशी."

मावशीनं इकडेतिकडे पाहिलं. आता तिला बघायची सवय लागत होती. तळं, चिखल, काठावरचं गवत, सगळं तिनं नीट पाहून घेतलं.

"पण इथंही वाघ नाही रे. गवत वाळलंय नुसतं. उपाशी राहून गेला असेल कुठेतरी."

"नाही?" केरोबा खाली वाकून पिवळट डागाकडे बघत म्हणाला. "केव्हापासून?"

"ते मला काय माहीत? टेहळणीवर तू आहेस."

केरोबानं वर पाहिलं. सूर्य तेवढा त्याला चष्म्याशिवायही दिसायचा. तो डोक्यावर आला होता.

"मावशी, कान झाका," तो म्हणाला. "तहानले असतील सगळे." आणि वाळलेल्या गवताकडे बोट करून, छाती भरून, त्यानं हाक दिली.

तात्पर्य : नवा चष्मा लागला की पहिले पंधरा दिवस पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. घाबरून जाऊ नये. तेवढ्या मुदतीत चष्मा योग्य त्या नाकावर जातो आणि जमीन पूर्ववत होते.